व्हेनेरा-१ : शुक्राकडे निघालेले मूक यान

शुक्र ग्रहाचा पृष्ठभाग दाट ढगांनी झाकलेला असल्यामुळे पृथ्वीवरील दुर्बिणींना तो दिसत नाही. म्हणूनच त्याच्याजवळ यंत्रे धाडण्याची आवश्यकता भासली. १२ फेब्रुवारी १९६१ रोजी सोव्हिएत संघाने बैकानूर येथून ६४३.५ किलोग्रॅम वजनाचे व्हेनेरा-१ हे यान सोडले. आठच दिवसांपूर्वी सोडलेले असेच एक यान पृथ्वीभोवतीच्या कक्षेतच अडकून पडले होते. व्हेनेरा-१ मात्र अशा तात्पुरत्या कक्षेतून अग्निबाणाचा अखेरचा टप्पा पेटवून शुक्राच्या मार्गास लावण्यात आले. ग्रहप्रवासात ही पद्धत प्रथमच यशस्वी झाली.

ग्रहयानाचा प्रवास आणि त्याचे कार्य या दोन भिन्न गोष्टी होत. एकदा आवश्यक वेग मिळाला की सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाने यान आपली कक्षा आक्रमीत राहते. त्यासाठी इंधन लागत नाही. कार्यासाठी मात्र वीज हवी. वीज मिळण्यास सौर घटांच्या पट्ट्या सूर्याकडे, तर संदेश पोचण्यास आकाशक पृथ्वीकडे वळलेला हवा. ही दिशा राखणारी यंत्रणा सूर्याचा वेध घेणाऱ्या संवेदकावर अवलंबून असते.

आरंभीच्या संदेशांतून सूर्यापासून वाहणाऱ्या विद्युद्भारित कणांच्या प्रवाहाविषयी, म्हणजेच सौर वाऱ्याविषयी, मोलाची माहिती मिळाली. यान सुमारे १९ लक्ष किलोमीटर दूर असताना शेवटचा संदेश आला. त्यानंतर ते मूक झाले. इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथील मोठ्या रेडिओ दुर्बिणीनेही त्याचा शोध घेण्यात आला. परंतु खात्रीलायक संकेत लाभला नाही. सूर्यवेधी संवेदक अतिशय तापून निकामी झाला असावा, असे पुढे मानण्यात आले.

गणितानुसार हे यान १९ व २० मे १९६१ च्या सुमारास शुक्रापासून अंदाजे १ लक्ष किलोमीटर अंतरावरून गेले. मार्गाचे गणित बरोबर होते. तथापि शुक्राविषयी एक अक्षरही हाती आले नाही. अमेरिकेचे मरिनर-१ हे यान २२ जुलै १९६२ रोजी उड्डाणानंतर अल्पावधीतच नष्ट करावे लागले. अखेर १४ डिसेंबर १९६२ रोजी मरिनर-२ ने शुक्राजवळून जाताना मोजमापे पाठविली आणि ग्रहाचा पृष्ठभाग अत्यंत तप्त असल्याच्या अनुमानास बळकटी मिळाली. दूरच्या यानाची दुरुस्ती करण्यास तेथे कोणी जाऊ शकत नाही. त्यामुळे लहानशा संवेदकासही अग्निबाणाइतकेच महत्त्व द्यावे लागते, हा व्हेनेरा-१ चा बोध होय.