१२९६ साली यादवांचे राज्य बुडाले नव्हते

इ.स. १२९६ म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात : देवगिरीवरची अल्लाउद्दीन खिलजीची धाड आणि आळंदीतली ज्ञानेश्वरांची समाधी. दोन्ही घटना एकाच वर्षातल्या, म्हणून त्यांची सांगड घालण्याचा मोह होतो. तिथेच इतिहास बिघडतो.

सुरुवात सालापासूनच करायला हवी. अनेक जुन्या पुस्तकांत ही स्वारी १२९४ची म्हणून दिली आहे. ते साल इतिहासकार फिरिश्त्याकडून आले आणि फिरिश्ता घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता. अमीर खुसरो मात्र त्याच काळात हयात होता. त्याने दिलेल्या हिजरी ६९५च्या तारखांवरून अल्लाउद्दीन फेब्रुवारी १२९६च्या अखेरीस निघाला आणि जूनच्या सुमारास परतला, असे दिसते. तटाआड धान्य समजून नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले, ही प्रसिद्ध कथाही फिरिश्त्याचीच आहे. ती खोटीच असे म्हणता येणार नाही, पण देवगिरीच्या शरणागतीचे कारण म्हणून तिच्यावर भिस्त ठेवणेही बरोबर नाही. मुख्य सैन्य युवराजाबरोबर राजधानीपासून दूर होते, हे कारण त्याहून पटणारे आहे.

दिल्लीच्या सुलतानाने दख्खन जिंकण्यासाठी ही मोहीम काढली, असेही सर्रास सांगितले जाते. त्या वेळी सुलतान होता जलालुद्दीन. अल्लाउद्दीन त्याचा पुतण्या, जावई आणि गंगेकाठच्या कडा प्रांताचा सुभेदार. काकाला देवगिरीचा पत्ता लागू न देता तो निघाला, कारण त्याला मुलूख नको होता, पैसा हवा होता. जुलैमध्ये त्याने काकाचा खून करवला. मग दिल्लीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला गोफणयंत्रातून लोकांवर सोने उधळले, असे इतिहासकार बरनी लिहितो. हे सोने देवगिरीच्या लुटीतले होते. दिल्लीची गादी कशाच्या जोरावर मिळाली, हे आपल्या शालेय इतिहासात ठळकपणे यायला हवे असे मला फार वाटते.

यादवांचे राज्यही त्या वर्षी संपले नाही. रामचंद्रदेव, म्हणजे आपला रामदेवराय, खंडणी कबूल करून गादीवर राहिला. पुढे खंडणी थांबली तेव्हा १३०७-०८च्या सुमारास अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर चालून आला आणि रामदेवरायाला दिल्लीला नेण्यात आले. तिथे ‘रायरायान’ हा किताब देऊन त्याला परत पाठवले. त्याच्यामागून त्याचा मुलगा शंकरदेव याने खंडणी नाकारली आणि तो मारला गेला. शेवटचा झगडा दिला रामदेवरायाचा जावई हरपाळदेव याने. १३१८च्या सुमारास त्याला ठार करण्यात आले. म्हणजे पहिल्या धाडीनंतरही सुमारे वीस वर्षे हे राज्य या ना त्या रूपात तग धरून होते.

सर्वांत खोल रुजलेला समज भक्तीबद्दलचा आहे. परचक्राने हादरलेला समाज विठ्ठलाकडे वळला, असे म्हटले जाते. तारखा पाहिल्या की हे टिकत नाही. ज्ञानेश्वरी नेवाशाला लिहून झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. तिच्या अखेरीस रामचंद्र राजाचा उल्लेख आहे, तोही न्यायाने राज्य करणारा म्हणून. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात १२७३ ते १२७७ या काळातल्या, विठ्ठलाच्या देवळाला दिलेल्या देणग्यांची नोंद आहे. त्यात रामचंद्रदेव आणि त्याचा मंत्री हेमाद्री दोघेही आहेत. वारकरी परंपरेची ही उभारणी स्वस्थ, संपन्न राज्यात झाली. तिला पराभवाचे अपत्य म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

१२९६बद्दलचे गैरसमज आपल्यापुरतेच नाहीत. त्याच साली दूर स्कॉटलंडमध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड घुसला. मार्चअखेर त्याने बेरिक शहरात कत्तल केली, एप्रिलमध्ये डनबारची लढाई जिंकली आणि स्कॉट राजांच्या राज्याभिषेकाची शिळा वेस्टमिन्स्टरला नेली. ती १९९६ मध्ये परत गेली. ‘ब्रेव्हहार्ट’ पाहून अनेकांना वाटते की हे संकट १२८०पासूनचे होते. पण स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर १२८६पर्यंत जिवंत होता. त्या चित्रपटातली, स्कॉट बंडाचा नेता वॉलेस याची प्रेयसी इसाबेला तर वॉलेसला फाशी झाली तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती.

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलला लोक प्रबोधनकाळाचे अपत्य मानतात. घुमट त्या काळाचा खरा, पण बांधकामाचा आरंभ १२९६चा.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चीनच्या युआन दरबाराच्या शिष्टमंडळाबरोबर चौ ताक्वान कंबोडियातल्या अंकोरला पोहोचला आणि जवळजवळ वर्षभर राहिला. सातव्या जयवर्मन राजानंतर हे शहर ओस पडत गेले, असा समज आहे. चौला दिसली ती सोन्याने मढवलेली शिखरे, राजाची थाटाची मिरवणूक आणि बायकांच्या हाती असलेला बाजार. आणि अंकोर जगाला फ्रेंच प्रवासी आँरी मुओने १८६० मध्ये ‘शोधून’ दिले म्हणतात, तेही खरे नाही. ख्मेर लोक तिथे राहत होते, अंकोर वाटमध्ये भिक्खू होते, आणि चौच्या वृत्तांताचा फ्रेंच अनुवाद १८१९ मध्येच छापून झाला होता.