शेपूट कापू नका, प्लीज!

मोबाइलच्या नाइट मोडवर धूमकेतू टिपता येतो, अशा जमान्यात स्लाइड फिल्मवर आकाश टिपायचं आणि मग ती धुऊन देणारा माणूस शोधत फिरायचं... वेडेपणा? असेलही. पण भन्नाट वेडेपणा आहे!

'स्लाइड' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सोमवार सकाळची रिव्ह्यू मीटिंग, प्रोजेक्टर आणि मागच्या खुर्चीवरची जांभई. बरोबर? मीही हिंजवडीतच नोकरी करते, त्यामुळे माझंही तेच. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये एका फोटो लॅबला फोन करून मी विचारलं, "स्लाइड धुऊन मिळेल का?" आणि पलीकडचा मुलगा अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, पीपीटी पेनड्राइव्हवर घेऊन या, प्रिंट काढून देतो," तेव्हा मला हसूही आलं आणि पोटात गोळाही आला.

कारण आमच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी, धूमकेतू टिपलेला एक रोल पडून होता. आणि तो धूमकेतू काही पुन्हा पोज द्यायला येणार नव्हता.

डोकं एकीकडे, शेपूट दुसरीकडे

ही सगळी भानगड माझ्या काकांची. बँकेतून रिटायर झालेले, पण अमावस्या जवळ आली की अजूनही अस्वस्थ होणारे. त्यांच्या कपाटात एक डबी आहे. तिच्यात पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या दोन स्लाइड्स. एकीत हेल-बॉप धूमकेतूचं डोकं, दुसरीत त्याचं शेपूट!

ही करामत १९९७ सालची. १ एप्रिलला हेल-बॉप सूर्याच्या सर्वांत जवळ होता आणि त्या दिवसांत संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी मस्त दिसायचा. काकांनी पानशेतच्या पुढे जाऊन रोल संपवला, धुवायला टाकला आणि चार दिवसांनी लॅबमधून स्लाइड्स घेऊन आले. सगळ्यात चांगला फोटो बरोब्बर मधून कापलेला. लॅबवाला म्हणाला, "काका, अख्खा रोल काळाच होता. अंदाजानं कापला."

खरं तर त्याचाही इलाज नव्हता. स्लाइड फिल्मवर दोन फोटोंच्या मधली पट्टी काळी असते. नेहमीच्या फोटोत ती लगेच कळते. पण फोटोच रात्रीच्या आकाशाचा असेल तर? काळ्यात काळं! फ्रेम कुठे संपली आणि कुठे सुरू झाली, हे माणसालाही कळत नाही आणि यंत्रालाही.

हेल-बॉप आता साधारण अडीच हजार वर्षांनी येईल. काका तेव्हापासून त्या दोन स्लाइड्स सांभाळून आहेत. लावून बघतात, पुन्हा डबीत ठेवतात.

सहा अंघोळी आणि एक भोक

आता थोडा फंडा. साध्या रोलची नेगेटिव्ह निघते, मग तिच्यावरून प्रिंट. स्लाइडमध्ये मधला दलाल नाही. कॅमेऱ्यात लेन्ससमोर जो तुकडा होता, तोच धुऊन, रंगीत होऊन तुमच्या हातात येतो.

त्यासाठीच्या प्रक्रियेचं नाव ई-सिक्स. एकापाठोपाठ सहा रसायनं. त्यातला पहिला डेव्हलपर सगळ्यात नखरेल. त्याला ३८ अंश सेल्सियस तापमान लागतं आणि सहा मिनिटं लागतात. तापमान थोडं जरी इकडेतिकडे झालं तरी रंग बिघडतात. या पहिल्या अंघोळीत जिथे उजेड पडला तिथे चांदीचं काळं चित्र तयार होतं. मग उरलेल्या जागी रंग भरला जातो आणि शेवटी सगळी चांदी धुऊन टाकली जाते.

म्हणजे काय झालं? जिथे काहीच उजेड नव्हता, ते आकाश गडद रंगानं भरलं. आणि जिथे तारा होता, तिथे फिल्म जवळजवळ नितळ राहिली. स्लाइडवरचा तारा म्हणजे रंगातलं एक बारीकसं भोक! मागून दिवा लावला की त्यातून उजेड येतो. काकांनी हे मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी ती शेपटाची स्लाइड घेऊन खिडकीपाशी पाच मिनिटं उभी होते.

डिजिटल काय वाईट आहे?

काहीच नाही! उलट खूपच चांगलं आहे. फिल्मचा एक जुना रोग आहे. एक्स्पोजर लांबलं की ती आळसावते. दुप्पट वेळ उघडी ठेवली म्हणून दुप्पट उजेड साठत नाही. कोणती फिल्म किती कमी आळशी, यावर तेव्हाचे आकाशवेडे रात्र रात्र वाद घालायचे. फुजीच्या प्रोव्हिया १०० एफचा मान मोठा, कारण १२८ सेकंदांपर्यंत तिला कुठलीच भरपाई द्यावी लागत नाही. कोडॅकच्या एक्टाक्रोम ई-२०० वर तर लोक जीव टाकायचे. तेजोमेघांमधल्या हायड्रोजनचा लाल रंग ती झक्कास पकडायची. बरेचसे डिजिटल कॅमेरे तोच लाल रंग आतल्या फिल्टरनं अडवतात. कॅननला २००५ मध्ये खास आकाशासाठी ट्वेंटी-डी-ए काढावा लागला तो त्याचसाठी.

पण डिजिटलवर लगेच दिसतं, चुकलं की पुन्हा काढता येतं, पन्नास फोटो एकावर एक रचता येतात. त्यापुढे कोण टिकणार? आधी जाहिरातवाले आणि मासिकवाले डिजिटलकडे गेले. ई-सिक्सची यंत्रं त्यांच्याच कामावर चालायची, तीही मग बंद पडत गेली. कोडाक्रोम धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात होती. तिनं २०१० च्या अखेरीस ते काम थांबवलं. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी एक्टाक्रोमही बंद झाली.

आणि मग पिक्चरमध्ये इंटरव्हलनंतर होतं तसं झालं. २०१८ मध्ये एक्टाक्रोम ई-१०० नावानं परत आली! काकांनी एक रोल मागवला. किंमत विचारू नका. दोघांचं मल्टिप्लेक्स पॉपकॉर्नसकट झालं असतं आणि वर जेवणही.

कोजागरी, ढग आणि एक स्क्रू

तो रोल वाट बघत होता आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिन्शान-ॲटलास धूमकेतू आला. १२ तारखेला पृथ्वीच्या सर्वांत जवळ. पण नंतर ढग आणि बुधवारी, १६ तारखेला कोजागरी. सगळा महाराष्ट्र चंद्राला दूध दाखवत होता आणि आमचे काका गच्चीत त्याच चंद्राला नावं ठेवत होते. शेवटी रविवारी, २० तारखेला, चंद्र थोडा उशिरा उगवणार म्हणून आम्ही वेल्ह्याच्या बाजूला एका ओळखीच्या शेताच्या बांधावर जाऊन बसलो. भाताला वास सुटलेला, पुण्याचा उजेड पाठीशी.

कॅमेरा काकांचा जुना निकॉन एफएम-टू. त्याचं शटर पूर्ण यांत्रिक, म्हणजे कितीही वेळ उघडं ठेवा, बॅटरी संपायची भीती नाही. खाली काकांनी स्वतः केलेला जुगाड. दोन फळ्या, एक बिजागरी, एक स्क्रू. बिजागरीची दिशा ध्रुवताऱ्याकडे, इथे क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंश वर. एक मिलिमीटर आट्याचा स्क्रू बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर लावायचा आणि मिनिटाला एक फेरा या वेगानं हातानं फिरवायचा. पृथ्वी जेवढी फिरते तेवढीच फळी उलटी उघडते, तारे जागचे हलत नाहीत. सिंपल!

सिंपल म्हणायला. घड्याळाकडे बघत स्क्रू फिरवायचं काम माझ्याकडे होतं आणि धूमकेतू भुजंगधारी तारकासमूहात ऐटीत उभा होता. माझ्या फोननं तो दहा सेकंदांत टिपला, ग्रुपवर टाकला, बावीस लाइक्स आले. काका म्हणाले, "छान आलाय. आता स्क्रूकडे लक्ष दे."

चंद्र वर येईपर्यंत नऊ फोटो झाले. आलेत का? काय माहीत! हीच तर गंमत. किंवा हाच तर ताप.

लॅबसाठी चिठ्ठी

मग सुरू झाली शोधाशोध. एक लॅब म्हणाली, "साध्या रोलच्या केमिकलमध्ये टाकू का?" नको! तसं केलं तर स्लाइडची भलत्याच रंगांची नेगेटिव्ह होते. फॅशनच्या फोटोंसाठी लोक मुद्दाम करायचे, धूमकेतूवर प्रयोग नको. अखेर मुंबईत एक छोटी लॅब सापडली. पुरेसे रोल जमले की एकदम ई-सिक्स करणारी. काका कुरिअरवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. मी डेक्कन क्वीननं रोल सॅकमध्ये घेऊन गेले.

सोबत काकांच्या अक्षरातली चिठ्ठी. कधी तुमच्यावर वेळ आली तर जशीच्या तशी उतरवून घ्या:

पहिला फोटो मुद्दाम दिवसाचा काढला आहे, त्यावरून फ्रेम कुठून सुरू होते ते कळेल.

बाकीचे फोटो काळे आहेत. ते काळेच असायला हवेत. रोल वाया गेलेला नाही.

एक स्टॉप पुश करावा. (म्हणजे पहिल्या डेव्हलपरमध्ये सहाऐवजी साधारण आठ मिनिटं. त्यामुळे १०० ची फिल्म २०० सारखी वागते. मात्र हे अख्ख्या रोलला लागू होतं, एका फोटोपुरतं नाही.)

आणि शेवटी, लाल शाईत, दोनदा अधोरेखित: कापू नका. चौकटीत बसवू नका. अख्खी पट्टी गुंडाळून द्या.

काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आधी कुणी कापलाय का?" मी सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. त्यांनी चिठ्ठी रोलच्या डबीला रबरबँडनं बांधली.

सोळा दिवसांनी फोन आला. "मॅडम, रोल धुतला. पहिला फोटो काकूंचा ना? तुळशीपाशी? फार छान आलाय. पुढे सगळं काळं आहे..." मी श्वास रोखला. "...पण भिंगातून बघितलं. आहे. शेपूट आहे. कापलेलं नाही."

आता डबीत तीन

नऊपैकी चार फोटोंत माझ्या स्क्रूचे झटके दिसतात. दोनांत लेन्सवर दव. एकात लांबच्या गाडीचा हेडलाइट. एक बरा. आणि एक, सातवा, असा की भिंगाला डोळा लावल्यावर काका बराच वेळ काही बोललेच नाहीत.

फ्रेम कापायची वेळ आली तेव्हा त्यांनी कात्री हातात घेतली, पट्टी दिव्यावर धरली आणि मग कात्री माझ्यापुढे केली. "तू काप. माझा हात थरथरतो आता." काकूंच्या फोटोपासून पट्टीवरची भोकं मोजत मी आले, एका फ्रेमला आठ. दोनदा मोजली. मग कापलं. डोकं आणि शेपूट, दोन्ही एका चौकटीत.

नंतर ती स्लाइड मी डिजिटल कॅमेऱ्यानंच कॉपी करून ग्रुपवर टाकली. सहा लाइक्स! फोनवरचाच फोटो जास्त भारी होता, असं एकानं लिहिलंही. खरंय त्याचं. पण तो धूमकेतू कदाचित पुन्हा कधीच सूर्याकडे येणार नाही आणि त्याच्या उजेडानं ज्या तुकड्यावर भोक पाडलं, तो तुकडा आमच्या डबीत आहे.

तुमच्याही घरात माळ्यावर बाबांचा किंवा मामांचा जुना कॅमेरा असेलच. काढा खाली. अमावस्येचा वीकएंड बघा. पण रोल विकत घ्यायच्या आधी लॅबला फोन करा. आणि पलीकडचा मुलगा 'पीपीटी' म्हणाला, तर फोन ठेवू नका. समजावून सांगा. त्यालाही कदाचित आवडेल.