गंधकाम्लाचे खरे गिऱ्हाईक कोण?

जगात सर्वाधिक प्रमाणात तयार होणारे औद्योगिक रसायन म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड, आपले गंधकाम्ल. वर्षाकाठी २५ कोटी टनांहून अधिक! पण त्याच्याविषयीची आपली माहिती बहुधा शाळेच्या प्रयोगशाळेत सुरू होते आणि गॅरेजमधल्या बॅटरीपाशी संपते. एवढा माल लागतो कुणाला, येतो कुठून आणि त्याचा भाव का हलतो, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : गंधकाम्ल मुख्यतः बॅटऱ्यांसाठी आणि साफसफाईसाठी लागते.

वस्तुस्थिती : निम्म्याहून अधिक गंधकाम्ल खतांसाठी जाते. खडकातला फॉस्फेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पिकाच्या मुळांना तो घेता येत नाही. आपल्याकडच्या विम्लधर्मी काळ्या जमिनीत तर तो तसाच पडून राहतो. गंधकाम्लाची प्रक्रिया केली की त्याचे सुपरफॉस्फेट किंवा फॉस्फोरिक आम्ल होते आणि त्यापुढे डीएपी. शेतकरी ज्याला 'अठरा-सेहेचाळीस' म्हणतात, त्या ५० किलोच्या एका गोणीमागे साधारण ६० किलो गंधकाम्ल खर्ची पडते. गोणीत ते दिसत नाही, कारण त्यातला गंधक जिप्समच्या रूपाने कारखान्यातच मागे राहतो. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथला गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट यांची जोडी जमवली, ती याच गणितावर.

बॅटऱ्यांचा वाटा त्यामानाने किरकोळ आहे. शिवाय गाडीच्या बॅटरीत कमी होते ते पाणी, आम्ल नव्हे. म्हणून वरून डिस्टिल्ड वॉटरच घालायचे असते. संडास-बाथरूमसाठी मिळणारे 'अ‍ॅसिड' तर बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल असते.

गैरसमज : ज्या देशात गंधकाम्लाचा खप जास्त, तो देश श्रीमंत.

वस्तुस्थिती : हा समज जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या काळचा. १८४३ च्या सुमारास त्यांनी गंधकाम्लाचा खप ही देशाच्या व्यापारी भरभराटीची खूण मानली होती. कापड, काच, साबण असे त्या काळचे बहुतेक कारखाने थेट किंवा आडवाटेने या आम्लावर चालत, म्हणून ते खरेही होते. आज खप ठरतो तो त्या देशात फॉस्फेट आणि धातू किती आहेत, यावरून. मोरोक्को श्रीमंतांच्या यादीत नाही, पण जगातला सर्वात मोठा फॉस्फेटचा साठा त्याच्याकडे आहे. साहजिकच गंधकाम्लाच्या मोठ्या ग्राहकांत त्याची गणना होते.

गैरसमज : त्यासाठी लागणारा गंधक खाणीतून काढतात.

वस्तुस्थिती : एके काळी तो सिसिलीच्या खाणींतून आणि पुढे अमेरिकेतल्या लुइझियाना-टेक्सासच्या भूगर्भातून येई. आज बहुतेक गंधक तेलशुद्धीकरण कारखान्यांतून आणि नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणातून मिळतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन लागू झाले आणि पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. इंधनातून काढलेला हा गंधक पिवळ्या ढिगाच्या रूपात विकला जातो. एक टन गंधकापासून सुमारे तीन टन आम्ल बनते. घन गंधक जहाजाने हलवणे सोपे आणि स्वस्त, म्हणून लांबचा प्रवास बहुतांशी गंधक करतो. आम्ल शक्यतो जिथे लागते तिथेच तयार केले जाते.

गैरसमज : मागणी वाढली की उत्पादन वाढते, घटली की थांबते.

वस्तुस्थिती : तांबे, जस्त यांची खनिजे बहुधा गंधकयुक्त असतात. ती भाजताना निघणारा सल्फर डायऑक्साइड हवेत सोडता येत नाही, म्हणून त्याचे आम्ल करावे लागते. एक टन तांब्यामागे सुमारे तीन टन आम्ल पदरी पडते. गिऱ्हाईक नाही म्हणून कुणी तांब्याची भट्टी सहजासहजी विझवत नाही, मग आम्ल मिळेल त्या भावाने खपवावे लागते. याच्या उलटही घडते. तमिळनाडूतला तुतिकोरीनचा तांबे प्रकल्प २०१८ मध्ये आंदोलन आणि गोळीबारानंतर बंद झाला. त्याबरोबर दक्षिण भारतातला आम्लाचा मोठा पुरवठाही थांबला आणि भाव चढले. आम्लाची मागणी मात्र होती तेवढीच होती.

गैरसमज : आम्ल जितके तीव्र तितके ते लोखंडाला घातक.

वस्तुस्थिती : ९८ टक्के गंधकाम्ल साध्या पोलादी टाक्यांत साठवतात आणि टँकरमधून नेतात. धातूच्या पृष्ठभागावर लोहसल्फेटचा थर बसतो आणि पुढची झीज मंदावते. त्यात पाणी शिरले, आम्ल विरळ झाले, की पोलाद झपाट्याने खाल्ले जाते आणि हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून टाकीत ओल शिरू नये यासाठी कारखान्यांत विशेष काळजी घेतात. माणसाच्या कातडीला मात्र तीव्र आम्ल भयंकरच.

गैरसमज : विजेच्या गाड्या आल्या की गंधकाम्लाची गरज संपेल.

वस्तुस्थिती : लिथियम बॅटरीत गंधकाम्ल नसते, हे खरे. पण तिच्यासाठी लागणारे धातू मिळवायला तेच लागते. ऑस्ट्रेलियातल्या खडकांमधून लिथियम वेगळे करताना आणि इंडोनेशियातल्या जांभ्या मातीतून निकेल काढताना त्याचा मोठा वापर होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अंदाज मांडला की जागतिक मागणी २४.६ कोटी टनांवरून २०४० पर्यंत ४० कोटी टनांवर जाईल. त्यातला पेच असा की तेल-वायूचा वापर कमी झाला, तर त्यांतून मिळणारा गंधकही कमी होईल. तुटवडा पडला तर बॅटरी उद्योग चढा भाव देऊ शकेल, खत उद्योगाला ते जड जाईल.

गंधकाम्लाची मागणी ठरवतात शेत आणि खाण, पुरवठा ठरवतात तेलशुद्धीकरण कारखाने आणि धातूच्या भट्ट्या. हे दोन व्यवहार एकमेकांना विचारून चालत नाहीत. म्हणून खतांच्या दरवाढीवर बोलताना अनुदानाच्या आकड्याइतकेच गंधकाच्या बाजारभावाकडेही लक्ष ठेवायला हवे.