जुन्या पिकअप ट्रकच्या ब्रेक-यंत्रणेचे अद्ययावतीकरण : शेव्हरोले ३१०० च्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने 'शेव्हरोले' या नाममुद्रेखाली मालवाहू वाहनांची एक नवी मालिका बाजारात आणली. तिला 'ॲडव्हान्स डिझाइन' असे नाव होते. या मालिकेतील अर्ध्या टनाच्या पिकअप ट्रकला ३१०० हा क्रमांक देण्यात आला होता आणि १९५५ पर्यंत त्याचे उत्पादन चालू राहिले. शेतकरी, सुतार, छोटे दुकानदार यांच्या रोजच्या कामासाठी बांधलेले हे वाहन आज संग्राहकांच्या आवडीचा विषय झाले आहे. त्याच्या जीर्णोद्धारात रंग, चामडे आणि क्रोमचा मुलामा यांवर जेवढा खर्च होतो तेवढे लक्ष ब्रेककडे दिले जातेच असे नाही. आणि दिले गेले तरी 'पुढे डिस्क बसवली की काम झाले' अशी सरसकट समजूत आढळते. ही समजूत अपुरी आहे. ब्रेक हा एक सुटा भाग नसून पॅडलपासून रस्त्यापर्यंत पसरलेली साखळी आहे. त्या साखळीतील कोणता दुवा आधी बदलावा, याचा क्रम भौतिकशास्त्राच्या साध्या नियमांवरून ठरविता येतो. प्रस्तुत लेखात या क्रमाचा विचार केला आहे.

रस्ता बदलला, वाहन तेच राहिले

अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांच्या उभारणीचा कायदा १९५६ साली, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत झाला. म्हणजे ३१०० हा ट्रक त्या महामार्गांच्या आधीचा आहे. गावरस्त्यांवर ताशी ४० मैलांच्या आसपास धावण्यासाठी त्याची रचना झाली. मागील धुरीचे प्रमाण ४.११ असल्याने इंजिनही मोठ्या वेगाला फारसे राजी नसते. आज मात्र त्याचा मालक त्याला ताशी ६५ मैलांच्या वाहतुकीत नेतो, अनेकदा नवे इंजिन वा नवा गिअरबॉक्स बसवून.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शालेय पातळीवरील सूत्र येथे निर्णायक ठरते. चालकासह १६०० किलोग्रॅम वस्तुमानाचा ट्रक ताशी ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे २५६ किलोज्यूल भरते. ताशी ६५ मैलांना, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरला, तीच ६७७ किलोज्यूल होते. वेग दीडपटीहून थोडा अधिक वाढला. ऊर्जा मात्र अडीचपटीहून अधिक झाली. थांबताना ही बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकनाच गिळावी लागते.

अंतराचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. ताशी १०५ किलोमीटर वेगावरून गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट मंदन मिळाल्यास ट्रक सुमारे ६२ मीटरमध्ये थांबतो, ०.५ पट मिळाल्यास ८६ मीटर लागतात. चालकाच्या प्रतिसादाला लागणारा दीड सेकंद दोन्हींत समान धरला तर सुमारे ४४ मीटरची भर वेगळीच. परंतु या २४ मीटरच्या फरकाचा खरा अर्थ असा की, ज्या ठिकाणी पहिला ट्रक पूर्ण थांबलेला असतो तेथून दुसरा अजून ताशी ५५ किलोमीटरहून अधिक वेगाने पुढे जात असतो. तेथे एखादी शाळेची बस उभी असेल तर काय होईल, हे सांगण्यास सूत्राची गरज नाही.

मूळ यंत्रणेचे स्वरूप

शेव्हरोलेने हायड्रॉलिक ब्रेक १९३६ साली स्वीकारले. ३१०० मध्ये चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९५० पर्यंतच्या ट्रकांत ते 'हक' पद्धतीचे, तर १९५१ पासून 'बेंडिक्स' पद्धतीचे होते. हा फरक किरकोळ नाही. बेंडिक्स रचनेत दोन्ही शू खालच्या बाजूस एकमेकांना जोडलेले असतात. ड्रम फिरताना पहिल्या शूला आपल्याबरोबर ओढतो, तो शू दुसऱ्याला रेटतो आणि पायाने दिलेल्या बळापेक्षा कितीतरी अधिक दाब लायनिंगवर पडतो. या स्वयंवर्धक गुणामुळे हलक्या पायाने ब्रेक लागतो. हक रचनेत हा लाभ कमी मिळतो, शिवाय तिचे सुटे भागही आता सहज सापडत नाहीत. म्हणून १९५१ पूर्वीच्या ट्रकवर नंतरचे बेंडिक्स ब्रेक बसविणे हा एक जुना, कमी खर्चाचा आणि वाहनाच्या काळाशी सुसंगत असा मार्ग आहे. डिस्कच्या आकर्षणात तो उगाच विसरला जातो.

ड्रमची मर्यादा मात्र उष्णतेत आहे. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनिंगचे घर्षण घटते आणि लांबलचक उतारावर पॅडल हळूहळू खाली जाऊ लागते. पाणी आत शिरले तर ते लवकर बाहेर पडत नाही. एकाच बाजूचा ड्रम ओला झाला तर स्वयंवर्धक गुणामुळेच गाडी एका बाजूस ओढली जाते.

मूळ मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फळीच्या खाली बसविलेला आहे. ब्रेक ऑइलची पातळी पाहायची तर फरशीवरील झाकण उचलावे लागते. जे सहज दिसत नाही ते सहसा तपासलेही जात नाही. शिवाय झाकण उघडताना वर्षानुवर्षांची माती आत पडण्याचा धोका असतोच.

एकाच वाहिनीचा धोका

या यंत्रणेचा सर्वांत गंभीर दोष ड्रममध्ये नसून मास्टर सिलिंडरमध्ये आहे. त्यात एकच दट्ट्या आणि एकच कोठी असते व चारही चाकांना तेथूनच दाब जातो. पास्कलच्या नियमानुसार बंदिस्त द्रवातील दाब सर्वत्र सारखा पोहोचतो. परंतु द्रव बंदिस्त राहिला नाही तर तो कोठेच पोहोचत नाही. मागील एका चाकाच्या सिलिंडरमधील रबरी वाटी फाटली, अथवा सत्तर वर्षांची एखादी पोलादी नळी गंजून फुटली, की पॅडल थेट फळीला टेकते आणि चारही ब्रेक एकदम जातात. मग उरतो तो हातब्रेक.

याचे निराकरण दुहेरी मास्टर सिलिंडर हे होय. त्यात एका रांगेत दोन दट्ट्ये आणि दोन स्वतंत्र कोठ्या असतात. एकीतून पुढील चाकांना व दुसरीतून मागील चाकांना द्रव जातो. एक वाहिनी फुटली तर पॅडल बरेच खाली जाते, थांबण्याचे अंतर वाढते, पण गाडी थांबते. अमेरिकेत प्रवासी मोटारींसाठी अशी विभागणी १९६८ च्या आरंभापासून संघीय मानकाने आवश्यक केली. दोन वाहिन्यांतील दाबात तफावत पडताच दिवा लावणारी कळही याच वेळी बसविता येते. ३१०० ची मूळ वीजयंत्रणा ६ व्होल्टची असल्याने दिवा मात्र त्या व्होल्टचा घ्यावा लागतो.

डिस्क ब्रेक थांबण्याची क्षमता वाढवितो. दुहेरी सिलिंडर थांबण्याची शक्यता शाबूत ठेवतो. अंदाजपत्रक तोकडे असेल तर आधी दुसऱ्याची निवड करणे शहाणपणाचे आहे. प्रत्यक्षात उलटेच घडताना दिसते, कारण डिस्क चाकाच्या फटीतून दिसते आणि मास्टर सिलिंडर कोणाला दिसत नाही.

डिस्क बसविताना

डिस्क ब्रेकचे एकस्व इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतले होते; १९५३ च्या ले माँ शर्यतीत जॅग्वारच्या विजयाने तो प्रतिष्ठा पावला आणि जनरल मोटर्सच्या हलक्या ट्रकांच्या पुढील चाकांना १९७१ पासून तो नेहमीचा झाला. उघड्यावर फिरणारी चकती लवकर थंड होते व पाणी झटकून टाकते. मात्र तिच्यात स्वयंवर्धक गुण नाही. सगळा दाब पायाने, अथवा पायाला मिळणाऱ्या साहाय्याने निर्माण करावा लागतो. येथूनच पुढील गुंतागुंत सुरू होते.

समजा, पायाचे बळ ३०० न्यूटन आणि पॅडलचे तरफ-प्रमाण ६ आहे; म्हणजे दट्ट्यावर १८०० न्यूटन बळ पडते. सिलिंडरचा व्यास १ इंच असेल तर त्याचे क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर आणि दाब सुमारे ३.५५ मेगापास्कल होतो. व्यास केवळ एक अष्टमांश इंचाने वाढविला तर दाब २.८१ मेगापास्कलवर उतरतो. 'मोठा सिलिंडर म्हणजे जोरकस ब्रेक' ही गॅरेजमधील धारणा म्हणूनच चुकीची आहे. मोठा सिलिंडर अधिक द्रव ढकलतो, त्यामुळे पॅडल कमी अंतर जाते आणि घट्ट लागते. पण तेवढ्याच ब्रेकसाठी पाय अधिक जोराने दाबावा लागतो. फार लहान सिलिंडर घेतला तर कॅलिपरची भूक भागत नाही व पॅडल तळाला जाते.

ही कोंडी निर्वात-बूस्टर फोडतो. इंजिनच्या शोषनलिकेत बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ६० किलोपास्कल कमी दाब असेल तर ८ इंच व्यासाच्या पडद्यावर जवळपास १९०० न्यूटन अतिरिक्त बळ मिळू शकते, म्हणजे पायाच्या बळाइतकेच आणखी. मात्र फळीखाली, चॅसिसच्या पट्टीलगत जागा अपुरी असते. त्यामुळे तेथे लहान व्यासाचा, दोन पडद्यांचा बूस्टर वापरण्याची पद्धत आहे.

मास्टर सिलिंडर खाली असण्याचा आणखी एक परिणाम आहे. पुढील कॅलिपर त्याच्या पातळीच्या वर येत असल्याने गाडी उभी असताना द्रव गुरुत्वाने मागे उतरतो आणि पहिल्यांदा पॅडल पोकळ जाते. ते टाळण्यासाठी नळीत प्रतिचौरस इंच २ पौंड दाब धरून ठेवणारी झडप लावतात. ड्रमच्या वाहिनीत हाच शेष दाब १० पौंडांचा असतो. जुन्या ड्रमसाठीची १० पौंडी झडप नजरचुकीने डिस्कच्या वाहिनीत राहिली तर पॅड चकतीला सतत घासत राहतात, चकती तापते आणि नवा ब्रेक जुन्यापेक्षा वाईट ठरतो. अनेक फसलेल्या जोडण्यांच्या मुळाशी एवढीशी झडप असते.

चाकांचाही विचार आधीच करावा लागतो. मूळ १६ इंची चाकांत कॅलिपर बसतो की नाही आणि नव्या हबमुळे चाक बाहेर सरकून टायर मडगार्डला घासतो की काय, हे मोजल्याशिवाय खरेदी करू नये. मूळ हबमध्ये गोळ्यांचे बेअरिंग असते. त्याऐवजी निमुळत्या रोलरचे बेअरिंग येणे हा या बदलाचा चांगला उपलाभ. मागील धुरी मात्र बंद नळीतून फिरणाऱ्या शाफ्टशी एकसंध जोडलेली असल्याने तिला सहसा हात लावत नाहीत. मागे ड्रमच ठेवल्याने हातब्रेकही सुरक्षित राहतो.

भाराचे स्थलांतर

ब्रेक लागताच भार पुढे झुकतो. ३१०० च्या दोन धुऱ्यांतील अंतर ११६ इंच, म्हणजे २.९५ मीटर आहे. गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर आणि मंदन गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट धरल्यास एकूण भारापैकी सुमारे १७ टक्के मागून पुढे सरकतो. मोकळ्या ट्रकच्या पुढील चाकांवर मुळात ५५ टक्के भार मानला तर जोराच्या ब्रेकमध्ये तो ७२ टक्क्यांवर जातो आणि मागे जेमतेम २८ टक्के उरतो. अशा वेळी मागील ड्रमना पूर्ण दाब मिळाला तर मागील चाके आधी जाम होतात. जाम झालेल्या टायरला बाजूची पकड राहत नाही आणि गाडीचे शेपूट फिरते. मागील दाब मर्यादित करणारी प्रमाण-झडप त्यासाठी लागते. हौद्यात ओझे भरले की हे सारे प्रमाण बदलते, म्हणून पिकअपमध्ये ही झडप म्हणजे नेहमीच एक तडजोड असते. ती मोकळ्या गाडीला अनुसरून, निर्मनुष्य जागेत मागील चाके पुढच्यांच्या आधी जाम होणार नाहीत अशी जुळवावी.

द्रव, नळ्या आणि धूळ

ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते. 'डॉट ३' प्रकारच्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २०५ अंश सेल्सिअस, तर पाणी मुरल्यावर १४० अंश मानला आहे; 'डॉट ४' साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. द्रव उकळला की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल मऊ पडते. सिलिकॉनयुक्त 'डॉट ५' पाणी शोषत नाही, परंतु ते ग्लायकॉलमध्ये कदापि मिसळू नये. जुन्या पोलादी नळ्या व रबरी होज यांवर विसंबून नवे सुटे भाग जोडणे म्हणजे कुजलेल्या दोरीला नवी बादली बांधणे होय. तसेच त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओली करून पुसून घ्यावी.

मूळ स्वरूप आणि कायदा

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेची दृष्टी अशी आहे की, नंतरच्या काळातील आवश्यक बदल शक्य तेवढे अल्प असावेत, ते पूर्ववत करता यावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनासोबतच जपावेत. नट-बोल्टने जोडता येणारा कंस आणि चॅसिसला वितळजोडाने चिकटविलेला कंस यांत म्हणूनच मोठा फरक आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला अगदीच परका नाही. जनरल मोटर्सचा वाहनजोडणी कारखाना मुंबईत शिवडी येथे १९२८ ते १९५४ या काळात चालू होता. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांत, पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' नोंदणीची तरतूद आहे. चॅसिस, सांगाडा वा इंजिनातील फेरबदलाने ही पात्रता जाते. निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपासून दूर जाणाऱ्या बदलांविषयी सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये कठोर भूमिका घेतली आहे. त्यामुळे भारतातील अशा वाहनाच्या मालकाने काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी, प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ठेवावीत आणि काढलेला जुना मास्टर सिलिंडर, शू व हब चिठ्ठी लावून जपून ठेवावेत.