दिल्ली ते काठमांडू : माझे चुकलेले गणित



मागच्या महिन्यात माझे मामा पशुपतिनाथाच्या दर्शनाला नेपाळला गेले. नेपाळ हा आपला शेजारी देश आणि काठमांडू ही त्याची राजधानी. दिल्लीहून मामांचे विमान सकाळी १० वाजता उडणार होते. आजी त्या दिवशी आमच्याकडेच होती. तिने विचारले, "बाळा, पोचायला किती वेळ लागंल रे?"

मी नकाशा काढला. दिल्लीवर दोऱ्याचे एक टोक धरले, काठमांडूवर दुसरे. दोरा ८ सें.मी. भरला. नकाशाचे प्रमाण १ सें.मी. = १०० कि.मी. म्हणजे सरळ अंतर सुमारे ८०० कि.मी. विमानाचा वेग ताशी ८०० कि.मी. धरला आणि ऐटीत सांगितले, "आजी, एकच तास! अकराला मामा उतरणार."

अकरा वाजले. फोन नाही. सव्वाअकरा झाले. आजी देवापुढे जाऊन बसली, चहासुद्धा घेईना. माझ्याही पोटात गोळा आला. शेवटी ११ वाजून ४० मिनिटांनी फोन वाजला. मामा म्हणाले, "पावणेबाराला उतरलो." आता आली का पंचाईत! आमच्या घड्याळात पावणेबारा अजून वाजायचेच होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. त्यांनी दोन गोष्टी समजावून दिल्या.

पहिली गोष्ट वेगाची. विमान सुरुवातीपासून ताशी ८०० कि.मी. वेगाने जात नाही. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. काठमांडूच्या चारी बाजूंना डोंगर आहेत आणि तिथल्या त्रिभुवन विमानतळावर धावपट्टी एकच. त्यामुळे कधी कधी उतरण्यासाठी आकाशातच थांबावे लागते. म्हणून एक नव्हे, सुमारे दीड तास लागतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. भारताची वेळ ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावरून ठरते. नेपाळची वेळ गौरीशंकर शिखराजवळच्या ८६° १५' पूर्व रेखावृत्तावरून ठरते. फरक ३° ४५'. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे एकूण १५ मिनिटे. १९८६ सालापासून नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे.

आता हिशेब जुळला. १० वाजता निघून दीड तासाने, म्हणजे आपल्या साडेअकराला, मामा उतरले. तेव्हा काठमांडूत पावणेबारा वाजले होते. तिकडून येताना उलटे करायचे. नेपाळच्या वेळेतून १५ मिनिटे वजा करायची.

अंतर भागिले वेग बरोबर वेळ, हे सूत्र खरे आहे. पण नुसत्या भागाकाराने उत्तर सांगू नये. वाटेत काय काय होते तेही विचारावे. नाहीतर घरी कुणीतरी उगीच काळजी करत बसते.

मामा परत निघाले तेव्हा मी आजीला आधीच पाऊण तास वाढवून सांगितला. त्या दिवशी तिने चहा घेतला.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी