एसीतला गॅस संपत नसतो

नवतपा लागला, की भातकुली-दर्यापूर भागात एक तक्रार घरोघर ऐकू येते: एसी सुरू आहे, वाराही येतोय, पण खोली काही थंड होत नाही. त्यावरचे निदानही ठरलेले असते. ‘गॅस संपला असेल, भरून घ्या.’ गॅस भरला जातो, पैसे दिले जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. एसीतला गॅस वापरून संपत नसतो, एवढे नीट समजले तरी बिघाड शोधण्याचे निम्मे काम होते.

गॅस न संपवता पुन्हा पुन्हा वापरता येतो, हे ज्याने व्यवहारात करून दाखवले, तो वर्तमानपत्राचा संपादक होता, याचे मला फार अप्रूप वाटते. एसीचा इतिहास सांगताना सगळे १९०२ सालच्या विलिस कॅरिअरपासून सुरुवात करतात. कॅरिअरचे श्रेय मोठेच आहे. पण त्याच्या जवळपास अर्धे शतक आधी ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग गावी ‘जिलाँग ॲडव्हर्टायझर’चा संपादक जेम्स हॅरिसन यंत्राने बर्फ बनवत होता. छापखान्यातले खिळे इथरने पुसताना धातू गार पडतो, हे त्याच्या ध्यानात आले, असे सांगतात. द्रव उडून जाताना उष्णता घेऊन जातो, हे तेव्हाही माहीत होते. हॅरिसनने उडालेले इथर हातचे जाऊ दिले नाही. त्याची वाफ पंपाने ओढली, दाबली, गार करून पुन्हा द्रव केली आणि पुन्हा उडू दिली. कल्पनेचे पेटंट जेकब पर्किन्सने १८३४ मध्येच घेतले होते. तिच्यावर चालणारा धंदा हॅरिसनने उभा केला आणि १८५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वतःचे पेटंट मिळवले. पुढे १८७३ मध्ये गोठवलेले मांस जहाजाने लंडनला पाठवण्याचा त्याचा बेत फसला आणि तो कर्जात बुडाला. घराघरात त्याचे चक्र फिरत असताना त्याचे नाव मात्र क्वचितच निघते.

इथर साधारण ३५ अंशांना उकळते. म्हणजे मे महिन्यात भातकुलीच्या सावलीतही ते आपोआप उकळू लागले असते! आता त्याची जागा आर-३२ सारख्या वायूंनी घेतली आहे, पण चक्र तेच आहे. तांब्याच्या बंद नळ्यांत जेवढा गॅस भरला, तेवढाच वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे. सोबत हवेचेही नुकसान: शंभर वर्षांच्या हिशेबात आर-३२ हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट आणि जुन्या एसींतला आर-२२ सुमारे १८०० पट तापवणारा आहे.

गॅस पुरेसा असूनही खोली थंड होत नसेल, तर काय? इथे सादी कार्नो मदतीला येतो. १८२४ मध्ये या तरुण फ्रेंच अभियंत्याने उष्णतेच्या इंजिनाची तुलना धबधब्याशी केली. उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे ‘पडते’ आणि पडताना काम करते. एसी याच्या नेमका उलटा आहे. तो उष्णता थंड खोलीतून तापलेल्या अंगणात चढवतो, विहिरीवरची मोटर पाणी चढवते तशी. पाणी खोल गेले, की तीच मोटर वीज जास्त खाते आणि पाणी कमी देते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. एसीसाठी हा चढ म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजली जाते. अकोल्याच्या पाऱ्याने ४७ अंशही ओलांडलेले आहेत. बाहेर ४६ अंश असताना गॅसला उष्णता सोडण्यासाठी त्याहून बरेच तापावे लागते. त्यामुळे दीड टनाचा एसी दुपारी तीनला दीड टनाचे काम देत नाही. तो बिघाड नव्हे, तो भौतिकशास्त्राचा नियम आहे. मात्र चढ आपल्या चुकीने वाढत असेल, तर ती चूक सुधारता येते.

म्हणून तपासणीची सुरुवात बाहेरच्या युनिटपासून करा. ते तापलेल्या टिनावर ठेवले आहे का? बंद बाल्कनीत कोंडले आहे का? समोर भिंत असली, तर सोडलेली गरम हवा तेच परत ओढते. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत अडकून जाड थर बसतो. मेन स्विच बंद करून तो मऊ ब्रशने आणि हलक्या धारेने धुवा, पण गोड्या पाण्याने. खारपाणपट्ट्यातले बोअरचे पाणी कूलरच्या ताट्यांवर जी पांढरी पापडी धरते, तीच पट्ट्यांवरही धरेल आणि धातू खाईल. दुपारभर त्या पाण्याची नळी युनिटवर सोडून ठेवणे तर टाळाच.

मग आतली जाळी काढून धुवा. धुळीने वाट अडली, की थंड कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइलवर बर्फ जमतो आणि खोली तापलेलीच राहते. बर्फ दिसला, तर कूलिंग बंद करून फक्त पंखा चालवा आणि तो पूर्ण वितळू द्या. जाळी स्वच्छ असूनही पुन्हा जमला, तर गॅस कमी असण्याचा संशय खरा.

वऱ्हाडातल्या दोन गोष्टी आवर्जून सांगायला हव्यात. एक, एसीच्या खोलीत कूलर चालवू नका. कूलर हवेत पाणी घालतो, एसी ते पाणी पुन्हा काढतो. त्याची ताकद खोली गार करण्याऐवजी तिथेच खर्च होते. दोन, मे महिन्यात निचऱ्याच्या नळीतून पाणी पडत नाही म्हणून घाबरू नका. आपली हवा तेव्हा इतकी कोरडी असते, की कॉइलवर दव धरायला वाफच पुरेशी नसते. मृगाचा पाऊस झाला, की तीच नळी वाहू लागेल.

आतला पंखा फिरतोय, पण बाहेरचा कॉम्प्रेसर नुसता गुणगुणून थांबतो, असे असेल तर व्होल्टेज पाहा. ते ठीक असेल, तर कपॅसिटर गेलेला असू शकतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो, तेव्हा झाकण स्वतः उघडू नका.

१६ अंशांवर लावल्याने साधा एसी लवकर गार करत नाही. त्याचा कॉम्प्रेसर २४ वरही तेवढ्याच जोराने चालतो. उलट एकेक अंश वर ठेवला, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. मोठ्या टनाचा एसी घेण्याआधी स्लॅबला पांढरा रंग आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली द्या. आत शिरलीच नाही, ती उष्णता बाहेर चढवावी लागत नाही.

एवढे करूनही गॅसच कमी निघाला, तर मेकॅनिकला विचारा: गळती कुठे आहे? चांगला कारागीर नळ्यांचे जोड साबणाच्या फेसाने किंवा नायट्रोजनच्या दाबाने तपासतो, दुरुस्त करतो, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढतो आणि मगच वजन करून गॅस भरतो. त्याला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे त्याला आनंदाने द्यावेत. गळतीची जागा न दाखवता नुसते सिलिंडर जोडणाऱ्याला मात्र थांबवावे.