नावाआधीचे नाव

वर्गात दोन सुनीता असल्या की हजेरी घेताना शिक्षक आडनावही उच्चारतात. मुंबईतील आणि पुण्यातील दोन वाहनांच्या क्रमांकातील शेवटचे चार अंक सारखे असू शकतात. पण आधीच्या 'एमएच ०१' आणि 'एमएच १२' मुळे घोटाळा टळतो. संगणकाच्या आज्ञावल्यांतही हीच अडचण येते आणि तिच्यावरचा उपायही असाच आहे.

मोठी आज्ञावली कोणी एकटा लिहीत नाही. इतरांनी लिहिलेले तयार संच तिला जोडले जातात. समजा, दोन संचांत 'ओपन' नावाचे फंक्शन आहे. सी भाषेत अशी नावे साधारणपणे संपूर्ण आज्ञावलीत सामाईक असतात. मग 'ओपन' म्हटल्यावर नेमके कोणते घ्यायचे? तुकडे जोडणारा लिंकर चूक दाखवून थांबला तर बरेच. काही वेळा तो आधी सापडलेले फंक्शन निमूटपणे घेतो आणि भलतेच काम होते. म्हणून प्रत्येक संच आपल्या नावांना ठरावीक उपसर्ग लावतो. चित्रांसाठीच्या ओपनजीएल संचातील फंक्शनांची नावे 'जीएल' ने सुरू होतात. नेक्स्टस्टेप प्रणालीचा 'एनएस' हा उपसर्ग तर नेक्स्ट कंपनी ॲपलने घेतल्यानंतरही टिकून आहे.

उपसर्ग किती लांब असावा? सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात अशा सामाईक नावांची फक्त पहिली सहा अक्षरे वेगळी ओळखली जाण्याची हमी होती. तीन अक्षरे उपसर्गात गेली की नावाला तीनच उरत! १९९९ मध्ये ही मर्यादा ३१ झाली. उलट, उपसर्ग फार आखूड असला तर तोच दुसऱ्याच्या उपसर्गाशी जुळतो. इंग्रजीच्या २६ अक्षरांतून दोन अक्षरी उपसर्ग ६७६ होतात, तीन अक्षरी १७,५७६. ॲपलने दोन अक्षरी उपसर्ग स्वतःसाठी राखून इतरांना तीन अक्षरे वापरण्यास सांगितले, ते यामुळेच. जावा भाषेने वेगळी युक्ती केली. इंटरनेटवरील संस्थेचा पत्ता जगात एकमेव असतो; तोच उलट क्रमाने उपसर्ग म्हणून लिहायचा.

उपसर्ग टाळल्याची किंमत इतरांनाही मोजावी लागते. 'मूटूल्स' या संचाने जावास्क्रिप्ट भाषेच्या मूळ याद्यांनाच 'फ्लॅटन' हे उपसर्गाविना नाव जोडले होते. पुढे भाषेतच त्या नावाची सोय करायचे ठरले, तेव्हा २०१८ मध्ये लक्षात आले, की त्यामुळे जुनी संकेतस्थळे बिघडतील. अखेर भाषेने माघार घेतली आणि २०१९ च्या प्रमाणात 'फ्लॅट' हे नाव आले.

हे वर्गात पडताळता येईल. ४० विद्यार्थ्यांना आपल्या नावाचे व आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर लिहायला सांगा. सर्व जोड्या समसंभाव्य मानल्या, तरी निदान दोघांची जोडी जुळण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के येते. मधे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर घातले, की ती ४ टक्क्यांच्या आसपास उतरते. प्रत्यक्षात काही आद्याक्षरे जास्त आढळतात, त्यामुळे जुळण्या याहून अधिकच होतील. किती अधिक, ते विद्यार्थ्यांनीच मोजावे.